शीव कोळीवाड्याच्या दोन चुली

हिंदुस्थानांतील कोणत्याही मोठ्या शहराच्या उपाहारगृहांत गेलें, तर तेथील पदार्थांच्या यादींत 'कोळीवाडा' हें नांव बहुधा सांपडतें. लालबुंद, खमंग तळलेली कोळंबी बशींत येते. खाणारा ती आवडीनें खातो आणि मुंबईच्या कोळ्यांच्या घरचें अन्न आपण चाखलें, अशा समाधानानें उठतो. हें समाधान चुकीच्या पायावर उभें आहे. ही कोळंबी कोळ्यांच्या चुलीवर जन्मलेली नाहीं. तिच्या आवरणांतील ओवा आणि डाळीचें पीठ हीं थेट अमृतसरची आठवण सांगतात. १९४७ सालच्या फाळणीनंतर निर्वासित होऊन शीव कोळीवाड्यास आलेल्या पंजाबी मंडळींनीं आपल्याकडे नदीच्या मासळीला लावीत तो मसाला येथील कोळंबीला लावला, ती कढईंत तळून विकली, आणि वस्तीचें नांव पदार्थाला कायमचें चिकटलें. कोळ्यांच्या घरीं कोळंबी शिजते ती मुख्यतः आंबट-तिखट कालवणांत, आणि तिच्या जोडीला असते तांदळाची भाकरी.

एका बशीपुरता हा गैरसमज किरकोळ आहे. त्यानें कोणाचें पोट दुखत नाहीं. परंतु परक्या लोकांचें घरगुती जीवन पाहूं जाणाऱ्या प्रवाशाची नेमकी हीच फसगत पावलोपावलीं होते. पाटी एकाची असते, चूल दुसऱ्याची असते, आणि पाहणारा पाटी वाचून परत येतो. देवळें, किल्ले, राजवाडे हीं पाहणें त्या मानानें सोपें. तीं पाहण्यासाठींच उभीं असतात. घर हें कोणी पाहावें म्हणून बांधलेलें नसतें. म्हणून तें कसें पाहावें याचा थोडा विचार करणें अवश्य आहे, आणि त्यासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. गिरगांव-दादरच्या माणसाला अर्ध्या-पाऊण तासांत जेथें पोंचतां येतें, तें शीव या कामाला पुरेसें आहे.

शीव म्हणजे सीमा, गांवाची वेस. मुंबईच्या सात बेटांपैकीं परळच्या बेटाचें हें उत्तरेकडील टोंक. पलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी. इंग्रजांनीं सतराव्या शतकांत येथील टेकडीवर किल्ला बांधला तो याच सीमेवर नजर ठेवण्यासाठीं. पुढें गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दींत, म्हणजे १७९५ ते १८११ या काळांत, खाडीवर बांध घालून शीव साष्टीला जोडण्यांत आलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी शीववरूनच गेली. आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यास निघालेली विजेची पहिली गाडी कोळीवाड्याच्या बाजूनें, हार्बर मार्गानें धांवली. त्या मार्गावरील कोळीवाडा स्टेशनाला आज गुरु तेग बहादूर नगर म्हणतात. एकाच फलाटाचीं हीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं. वस्तीचा निम्मा इतिहास त्यांत आला.

आगगाडींतून घरें दिसतात खरीं, पण त्या दर्शनाचा एक गुण असा कीं, रस्ता घराचें तोंड दाखवितो आणि रूळ घराची पाठ दाखवितात. खिडकींत बसलेल्या उतारूला मोरी दिसते, वाळत घातलेले कपडे दिसतात, भांडीं घासणारी स्त्री दिसते, वेणी घालून घेणारी मुलगी क्षणभर दिसते आणि गाडी पुढें जाते. हें दृश्य खोटें नसतें. परंतु तें अर्धें वाक्य असतें. उतारू उरलेलें अर्धें आपल्या मनानें पुरें करतो, आणि तें पुरें करतांना आपल्याच घराचें व्याकरण वापरतो.

कोळ्यांच्या घरासंबंधींचें उदाहरण घ्यावें. घड्याळाच्या घरांत वाढलेला एखादा गृहस्थ दिवसा अकरा वाजतां एखाद्या कोळीवाड्यांत शिरला, आणि ओटीवर दोन तरणेताठे पुरुष गाढ झोंपलेले त्याला दिसले, तर त्याच्या मनांत 'आळशी' हाच शब्द प्रथम येणार. वास्तविक तीं माणसें मध्यरात्रींपासून पाण्यांत असण्याचा संभव आहे. कोळ्याचा दिवस सूर्यावर चालत नाहीं, तो चंद्रावर चालतो. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत मोठी सुबक आहे. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तो भरतीचा सुमारें तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळीं आणि सायंकाळीं सहाच्या आसपास. पौर्णिमेला पंधरांची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास. वद्य पक्षांत पुन्हा एकापासून मोजावयाचें. ज्या प्रौढ कोळ्यानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, तोही हा हिशेब बोलतां बोलतां करतो. आणि शाळेंत अपूर्णांकांची उजळणी केलेल्या किती जणांना तो सुचला असता, हा प्रश्न मास्तर लोकांनीं स्वतःला विचारण्यासारखा आहे.

या हिशेबावर सारें घर उभें असतें. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जोरानें चढतें आणि उतरतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास त्याचा जोर ओसरतो, त्यास भांग म्हणतात. डोल नांवाचें लांब पिशवीसारखें जाळें पाण्याच्या ओढीनेंच भरतें, आणि ओढ थांबली कीं तें उचलावें लागतें. ही वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. म्हणून कोळ्याच्या घरीं जेवण्याची वेळ रोज तीच नसते, निजण्याची नसते, दिवा मालवण्याचीही नसते. भात कधीं टाकावा हें ठरविणारी गृहिणी पंचांग पाहत असते. शिवाय वर्षाचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुकी मासळी, जाळ्यांची दुरुस्ती आणि उसनवार यांवर संसार चालतो. आणि पुढें श्रावणी पौर्णिमेला, नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ वाहिला जातो. शहरी माणूस त्या दिवशीं नारळीभात खातो. तो त्यानें अवश्य खावा. पण कोळीवाड्यांत ती पौर्णिमा म्हणजे आटलेल्या पैशाचा झरा पुन्हा सुरू होण्याचा दिवस, हें त्याला ठाऊक असावें.

पैशाची व्यवस्था ही तर बाहेरून मुळींच न दिसणारी गोष्ट. मासळी पाण्यांत आहे तोंवर ती पुरुषाची. धक्क्याला लागली कीं ती स्त्रीची. लिलावांत बोली करणें, बर्फांत भरणें, पाटी डोईवर घेऊन बाजार गांठणें, उधारी लक्षांत ठेवणें आणि आलेला पैसा कंबरेच्या पिशवींत बांधणें, हें सर्व ती करते. शीवच्या खाडीचें आज फारसें कांहीं उरलेलें नाहीं. भरणी झाली, पाणी गढूळलें. तेव्हां आतां मुंबईच्या पुष्कळ कोळणी ससून डॉकवर, म्हणजे १८७५ सालीं उघडलेल्या त्या गोदीवर, किंवा भाऊच्या धक्क्यावर उजाडण्यापूर्वींच पोंचतात आणि तेथून माल उचलतात. समुद्र घरापासून दूर गेला तरी घराची पहाट तीनलाच होते. अशा घरांत दुपारीं दार उघडें आणि आंत सामसूम दिसली, तर तो निष्काळजीपणा नव्हे. घरधनिणीची ती मध्यरात्र आहे.

आणखी एक अडथळा भाषेचा, आणि तो मराठी माणसाला मराठी घरांतच यावा हें विशेष आहे. सुशिक्षित गृहस्थाला ओटीवरची म्हातारी म्हणते, "ये, बस. जेवलास का?" 'अहो-जाहो'ची संवय झालेल्या कानाला हें टोंचतें. पण आगरी-कोळी बोलींत आदरार्थी बहुवचनाचा वापर फार थोडा. तेथें बाप, आजा, नाखवा सर्वच 'तूं'. शहरांतील माणूसही आईला आणि देवाला 'तूं'च म्हणतो, आणि त्यांत अनादर आहे असें त्याला वाटत नाहीं. म्हातारीनें त्याला अपमानानें खालीं ओढलेलें नसून घरांत घेतलेलें असतें. पण बहुतेक जण तेवढ्यावरून मागें फिरतात, आणि कोळी लोक फटकळ असतात अशी वार्ता घरीं नेतात.

येथून पलीकडच्या गल्लींत गेलें कीं याच्या अगदीं उलट रीत. पंजाबी घरांत लहान मुलालाही 'जी' लावून हांक मारतील. आईला बीजी म्हणतील, शीख वडिलांना दारजी म्हणतील, आणि पाहुण्याला दारांतच "आओ जी, बैठो जी" असें ऐकूं येईल. पाठोपाठ "रोटी खा के जाना" असा आग्रह होतो. ऐकणारा मराठी मनुष्य समजतो कीं, एखादी पोळी हातावर मिळणार. आणि समोर भरलें ताट येतें. पंजाबींत 'रोटी' म्हणजे सबंध जेवण. आपल्याकडे 'भाकरीची सोय' म्हटलें कीं पोटापाण्याचा सगळाच प्रश्न त्यांत येतो, तसेंच हें.

ही वसाहत झाली ती सुखासुखीं नव्हे. फाळणीनंतर पंजाब आणि सिंध या प्रांतांतून मुंबई इलाख्यांत आलेल्या लोकांना लष्कराच्या रिकाम्या बराकींत जागा देण्यांत आली. कल्याणच्या छावणीचें पुढें उल्हासनगर झालें; शीव कोळीवाड्याच्या बराकींतही असेच लोक राहिले. बराक म्हणजे एक लांबच लांब खोली. तिला भिंती चार, आणि आंत कुटुंबें अनेक. निर्वासितांच्या छावण्यांत दोन संसारांच्या मध्यें गोणपाट किंवा चादर टांगून घर वेगळें करीत. पडद्यापलीकडे मूल रडलें तर तें कोणाचें, हें सर्वांना कळे; भांडण झालें तर तेंही कळे; आणि कळूनही न कळल्यासारखें राहणें हा तेथला शिष्टाचार होऊन बसे. ज्यांनीं मागें चौसोपी वाडे, विहिरी आणि गव्हाचीं शेतें सोडलीं, त्यांच्या गृहस्थाश्रमाची ही नवी सुरुवात. अशा वस्तींत मोठ्या आवाजांत बोलणारा मनुष्य दिसला, तर त्यावरून स्वभावाचा निष्कर्ष काढण्यापूर्वीं ती लांबलचक बराक डोळ्यांपुढें आणावी.

पंजाबच्या खेड्यांत तंदूर पुष्कळदां सर्वांचा मिळून एक असे. त्याला सांझा चुल्हा म्हणतात. बायका घरीं कणीक मळून, ती परातींत घेऊन तेथें जमत आणि आळीपाळीनें रोट्या लावून नेत. म्हणजे आपल्याकडे विहिरीवर जें बोलणें होई, तें तेथें तंदुरापाशीं होई. स्वयंपाकाचा एक भाग घराबाहेर, चारचौघींत करावयाचा, ही कल्पना सोंवळ्या-ओंवळ्यांत वाढलेल्या जुन्या मराठी घराला विलक्षण वाटली असती. पण एक शब्द येथें वाट दाखवितो. गुरुद्वारांत लंगरासाठीं सर्वजण ओळीनें जमिनीवर बसतात, त्या ओळीला पंजाबींत 'पंगत' म्हणतात. शब्द आपलाच, पाट-पाण्याच्या पंगतींतला. फरक इतकाच कीं, आपल्या जुन्या पंगतींत कोण कोणाच्या शेजारीं बसणार हें जातीवरून ठरे, आणि तेथें तें विचारलेंच जात नाहीं. हा फरक लहान नव्हे, आणि तो शब्दसाम्याच्या आनंदांत विसरतां कामा नये.

दुसरें एक नातें तर याहूनही जवळचें आहे. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत संत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान गांवाशीं नामदेवांचें नांव जोडलेलें असून तेथें २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरलें. कोळीवाड्यांतील शीख कुटुंबाच्या घरीं 'भगत नामदेव' हें नांव परकें नाहीं. पंढरपूरच्या शिंप्याचें नांव एखाद्या बीजींच्या तोंडून ऐकण्यासाठीं शीवपर्यंत जावें लागतें, आणि तेही तिच्या घरीं दहा मिनिटें बसल्याशिवाय घडत नाहीं. उपाहारगृहाच्या यादींत तें लिहिलेलें नसतें.

परक्या घराची अशी पारख मराठी माणसांनीं यापूर्वींही केलेली आहे, आणि ती पुरुषांपेक्षां स्त्रियांनीं अधिक चांगली केली, असें म्हणण्यास आधार आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, त्या रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं उतरल्या आणि त्या बाईंना मावशी मानून राहिल्या. पंडिता रमाबाई १८८६ सालीं, आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या निमित्तानें, तेथें पोंचल्या. १८८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या त्यांच्या पुस्तकांत राज्यव्यवस्था, शिक्षण, व्यापार यांच्या जोडीला लोकांच्या घरगुती राहणीचाही विचार आहे. त्या काळीं साहेबलोक हिंदूंच्या घरांवर ग्रंथ लिहीत. पुष्कळदां माजघराचें दार न ओलांडतां लिहीत. रमाबाईंनीं दुर्बीण उलटी फिरविली, आणि ती चांगली पुसून मग फिरविली. स्त्रियांना हें साधलें याचें कारण उघड आहे. पुरुष पाहुण्याला दिवाणखान्यांत बसवितात. स्त्रीला स्वयंपाकघरांत नेतात.

मग ज्याला बैठकीपलीकडे जातां येत नाहीं, त्यानें काय करावें? त्यानें प्रश्न नीट निवडावे. धर्म काय, चाली काय, असें विचारणाऱ्याला पाठ केलेलीं उत्तरें मिळतात, कारण तींच बाहेरच्याला द्यावयाचीं असतात. आज स्वयंपाक किती वाजतां झाला, पाणी कोण भरतें, कणीक कोण मळतें, आजारी मुलाजवळ कोण बसतें, पैसे कोणाच्या हातीं असतात, असें विचारलें तर मनुष्य थोडा हंसतो आणि खरें सांगतो. वहाणा बाहेर काढाव्या. देतील तें खावें. मासळी खात नसल्यास तसें सरळ सांगावें, नाक मुरडूं नये. न विचारतां छायाचित्र घेऊं नये. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असल्यामुळें हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, आणि ज्यांच्या दारावर तो मोडतो तीं माणसें दार लावून घेतात. त्यांचें तें करणें योग्यच आहे. आपल्या मोरीचें चित्र कोणी न विचारतां घेतलें तर गिरगांवकराला तें खपेल काय?

शिवाय या व्यवहारांत पाहणारे आपण आणि पाहिले जाणारे ते, अशी जी समजूत असते, तीही फारशी खरी नाहीं. मुंबईंतील परक्या घरांचें सर्वांत सूक्ष्म निरीक्षण कोणी केलें असेल, तर तें दारोदार फिरणाऱ्या कोळणीनें. पाठारे प्रभूंचें घर, सारस्वतांचें घर, कायस्थांचें घर, या सर्वांच्या उंबरठ्याशीं तिनें पाटी उतरविलेली आहे. कोणत्या घरीं पापलेट घेतात आणि कोणत्या घरीं मांदेलीवर भागवितात. महिन्याच्या कोणत्या आठवड्यांत घासाघीस वाढते. कोणाकडे श्रावण कडक आणि कोणाकडे नुसता सांगण्यापुरता. कोणाची सून माहेराहून परतली नाहीं, हें सर्व ती पायरीवर बसल्या बसल्या ओळखी. ती आपल्या घरांत कधीं आंत आली नाहीं. बहुतेक ठिकाणीं तिला येऊंही दिलें नाहीं, पाण्याचा तांब्यासुद्धां वरून ओतला गेला. तरी तिला आपल्याविषयीं जितकें ठाऊक, त्याच्या शतांशही आपल्याला तिच्याविषयीं ठाऊक नाहीं. याची थोडी लाज वाटावयास हरकत नाहीं. आतां दारावर येणाऱ्या कोळणी कमी झाल्या. मासळी बाजारांतून किंवा पेटींत बंद होऊन घरीं येते, आणि ती पायरीवरची ओळखही संपत चालली आहे.

शीव कोळीवाड्यास जावयाचें तर फार दिवस लांबवूं नये, याचें कारणही असेंच आहे. कोळ्यांचीं बसकीं घरें आणि त्यांच्या ओट्या चहूंकडून उंच इमारतींनीं वेढल्या आहेत. निर्वासितांसाठीं बराकींनंतर ज्या पंचवीस इमारती बांधण्यांत आल्या, त्यांना लोक पंजाबी कॉलनी म्हणत. त्या कालांतरानें मोडकळीस आल्या, धोकादायक ठरल्या, आणि सुमारें बाराशें कुटुंबांना घरें सोडावीं लागलीं. म्हाडामार्फत तेथें नवीं घरें बांधण्यास राज्य सरकारनें २०२४ सालीं मंजुरी दिली. एकदां रावळपिंडी किंवा लाहोर सोडून आलेल्या माणसांच्या मुलानातवंडांना बिऱ्हाड दुसऱ्यांदां उचलावें लागलें. नवीं घरें पक्कीं होतील, त्यांना स्वतंत्र मोरी आणि स्वतंत्र दार असेल, आणि तें मिळावें हा त्यांचा हक्कच आहे. गोणपाटाच्या पडद्याची हौस ज्याला तो सोसावा लागला नाहीं त्यालाच असते.

पण जुनी ओटी आणि जुना जिना जाण्यापूर्वीं तेथील माहिती उतरून ठेवण्याचें काम कोणीतरी करावयास हवें. परिसरांतील शाळांना तें सहज जमेल. कोळ्यांच्या मुलांनीं आजीला विचारून भरतीचा हिशेब, जाळ्यांचीं नांवें आणि बंदीच्या दोन महिन्यांत घरांत काय शिजतें हें लिहावें. पंजाबी आणि सिंधी मुलांनीं आजोबांना विचारून बराकींत कितवा खण आपला होता, पडदा कशाचा होता आणि पहिली चूल कोठें मांडली हें लिहावें. मग दोन्ही वर्गांनीं वह्यांची अदलाबदल करावी. कोळंबीचा प्रश्न त्यांत आपोआप निघेल.